युरोपात विमान कुठे बदलावं?

मुंबईहून युरोपला किंवा युरोपमार्गे अमेरिकेला जायचं तिकीट काढताना आपण भाडं बघतो, किती किलो सामान नेता येईल ते बघतो आणि प्रवासाचे एकूण तास मोजतो. विमान कुठे बदलायचं, ते मात्र तिकिटावर एका तीन अक्षरी संकेतात दडलेलं असतं: एफआरए म्हणजे फ्रँकफर्ट, एएमएस म्हणजे ॲमस्टरडॅम, सीडीजी म्हणजे पॅरिस, एलएचआर म्हणजे लंडनचं हीथ्रो. दोन तिकिटांच्या भाड्यात पाच-सात हजारांचाच फरक असेल, तर स्वस्तातलं घेण्याआधी हा संकेत वाचा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एका विमानतळावर जे काम एकाच छपराखाली आटोपतं, त्यालाच दुसरीकडे बस, भुयारी गाडी, पुन्हा सिक्युरिटी आणि पासपोर्टची रांग लागू शकते. तरुण माणसाला ते निभावतं. पण आज पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून मुलांकडे निघालेल्या आई-बाबांपैकी कित्येक जण साठी-सत्तरी ओलांडलेले असतात आणि त्यातल्या अनेकांचा हा पहिलाच परदेशप्रवास असतो. त्यांचं तिकीट बहुतेकदा मुलं तिकडून काढतात. म्हणून हा लेख त्या मुलांनी आधी वाचावा.

विमानतळांच्या ज्या जागतिक क्रमवाऱ्या प्रसिद्ध होतात, त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. त्यांत दुकानं, लाउंज, स्वच्छता यांना बरंच वजन असतं. आपल्याला महत्त्वाची असते ती विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंतची वाट.

ती वाट कशी असेल, हे शेंगेनवर ठरतं. युरोपातले २९ देश शेंगेन व्यवस्थेत आहेत आणि त्यांच्यातली विमानं देशांतर्गत विमानांसारखीच धरली जातात. तुम्ही मुंबई–फ्रँकफर्ट–रोम असे जात असाल, तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच होते. रोमला उतरल्यावर सरळ सामानाच्या पट्ट्याकडे जायचं. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो असेल, तर फ्रँकफर्टला इमिग्रेशनच नाही. तुम्ही शेंगेनबाहेरच्या भागातच राहता. म्हणजे विमानतळ तोच, मधला वेळ तितकाच, पण शिकागोवाल्याला निवांत कॉफी घेता येते आणि रोमवाला रांगेत घड्याळ बघत उभा असतो. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी ‘एन्ट्री-एक्झिट सिस्टम’ टप्प्याटप्प्याने सुरू केली. पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा आता संगणकातल्या नोंदीने घेतली आहे. भारतीयांच्या बोटांचे ठसे व्हिसा काढतानाच घेतलेले असतात, त्यामुळे आपला तिथे मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतात. पण पहिल्या खेपेच्या नोंदीला वेळ लागतोच, आणि पुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा वेळ आपल्या खात्यावर जमा होतो. युरोपीय कंपन्यांची मुंबईहून निघणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटून सकाळी पोचतात आणि आशिया-अमेरिकेकडून येणारी मोठी विमानंही त्याच सुमाराला उतरत असतात. शेंगेनमधल्या शहरात जायचं असेल, तर मध्ये अडीच ते तीन तास ठेवा. शेंगेनबाहेर जाणाऱ्याला दोन तास सहसा पुरतात.

दोन तासांत बसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पुन्हा होणारी सिक्युरिटी. मुंबईहून आलेल्या प्रवाशाची हातातली बॅग युरोपात विमान बदलताना पुन्हा तपासतात. मुंबईच्या गेटजवळ घेतलेली पाण्याची बाटली तिथे टाकून द्यावी लागते. ड्यूटी-फ्रीमधली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत, आत पावती दिसेल अशी ठेवा आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ते सील फोडू नका. काही विमानतळांवर आता नवी सीटी यंत्रं आली आहेत आणि तिथे द्रवाचे नियम सैल झाले आहेत, पण भरताना १०० मिलीचाच हिशोब धरा, कारण वाटेतल्या सगळ्यात कडक विमानतळाचा नियम आपल्याला लागतो. लोणचं, चटणी, मुरांबा हे सगळं तिथल्या लेखी द्रवच.

आता व्हिसा. नेदरलँड्स भारतीय पासपोर्टवर, फक्त ॲमस्टरडॅमला विमान बदलून शेंगेनबाहेर जाणाऱ्याकडून, ट्रान्झिट व्हिसा मागत नाही. जर्मनी आणि फ्रान्स वर्षानुवर्षं मागत आले आहेत; अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट असते. ब्रिटनचा नियम वेगळा आहे, त्यातही सवलतींची यादी आहे. हे नियम अलीकडे भराभर बदलत आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ त्याच दिवशी उघडून बघा. ओळखीतलं कुणी गेल्या वर्षी जाऊन आलं, एवढ्या भरवशावर तिकीट काढू नका. दोन सापळे तर नियम माहीत असणाऱ्यालाही अडकवतात. पहिला, वाटेत दोन शेंगेन विमानतळ असणं. मुंबई–म्युनिक–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क असं तिकीट स्वस्त दिसतं, पण म्युनिक ते फ्रँकफर्ट हा प्रवास शेंगेनच्या आतला, म्हणून पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. दुसरा, दोन वेगवेगळी तिकिटं. मुंबई–पॅरिस एका कंपनीचं आणि पॅरिस–बोस्टन दुसऱ्या कंपनीचं, असं सुटं काढलं तर सामान पॅरिसला ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. त्यासाठी फ्रान्समध्ये प्रवेश करायचा, म्हणजे व्हिसा आलाच. शिवाय पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर ते नुकसान सगळं तुमचं. आई-बाबांसाठी तिकीट काढताना पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. यात तडजोड नको.

फ्रँकफर्टपासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या वाट्याला हा विमानतळ फार येतो. लुफ्थान्सा आणि तिच्या भागीदार कंपन्या मुख्यतः टर्मिनल १ वापरतात. त्यात ए, बी, सी आणि झेड असे भाग आहेत. गंमत अशी की ए आणि झेड ही एकाच इमारतीची दोन अंगं आहेत: खाली ए, शेंगेनसाठी, वर झेड, शेंगेनबाहेरच्या विमानांसाठी. विमान झेडला लागलं आणि पुढचं एला असेल, तर पासपोर्ट दाखवायचा, मजला उतरायचा आणि झालं. पण विमान बीला लागलं की मोठं भुयार ओलांडून ए भागाकडे जावं लागतं. भुयारात रंगीत दिवे आहेत, सरकते पट्टे आहेत, चालणं मात्र बरंच आहे. फ्रँकफर्टची दुसरी अडचण म्हणजे कित्येक विमानं गेटला न लागता दूर मोकळ्या जागेत उभी राहतात. मग शिडी उतरायची आणि बसने यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हातात बॅग घेऊन ती शिडी उतरणं किती जड जातं, हे तिकीट काढणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लुफ्थान्सा ४५ मिनिटांची कनेक्शनंही विकते. कागदावर ती जमतात, घेऊ नका. इथे रात्री ११ ते पहाटे ५ विमानांच्या नियमित वाहतुकीला बंदी आहे, म्हणून संध्याकाळचं शेवटचं विमान चुकलं तर थेट सकाळ. टर्मिनल १ च्या आत, इमिग्रेशन न ओलांडता राहता येईल असं ‘मायक्लाउड’ नावाचं ट्रान्झिट हॉटेल आहे. व्हिसा नसलेल्या प्रवाशाला ते कामी येतं. विमानतळाच्या दक्षिणेला नवं टर्मिनल ३ उभं राहिलं आहे आणि टर्मिनल २ मधल्या कंपन्यांनी तिकडे जायचं अशी योजना आहे. तुमची कंपनी लुफ्थान्सा गटातली नसेल, तर टर्मिनलचा आकडा निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघून घ्या.

त्याच लुफ्थान्साचं मुंबईहून म्युनिकलाही थेट विमान असतं. दोन्ही पर्याय दिसत असतील आणि भाडं जवळपास असेल, तर मी डोळे मिटून म्युनिक घ्यायला सांगेन. इथलं टर्मिनल २ लुफ्थान्सा आणि तिच्या भागीदारांसाठीच बांधलं आहे. शेंगेन आणि शेंगेनबाहेरची गेटं एकाच इमारतीत वर-खाली आहेत, आणि २०१६ मध्ये सुरू झालेली जोड-इमारत भुयारी गाडीने मुख्य इमारतीला जोडली आहे. पाट्या सोप्या, अंतरं माफक. शहरात जायचं असेल तर मात्र हिशोब उलटतो: एस-बान या उपनगरी रेल्वेच्या एस१ आणि एस८ गाड्यांना म्युनिकच्या मध्यवर्ती भागात पोचायला सुमारे पाऊण तास लागतो, फ्रँकफर्टहून शहर पाव तासात येतं.

झुरिक आकाराने या दोघांपेक्षा लहान, आणि तेच त्याचं सुख आहे. लांब पल्ल्याची बरीच विमानं डॉक ई या वेगळ्या इमारतीला लागतात. तिथून मुख्य इमारतीकडे धावपट्टीखालून ‘स्कायमेट्रो’ जाते. गाडी भुयारात शिरली की डब्यात गाईच्या गळ्यातल्या घंटा आणि अल्पहॉर्न ऐकू येतं आणि खिडकीबाहेर भिंतीवर गोष्टीतली स्विस मुलगी हायडी हलताना दिसते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना खिडकीशी उभं करा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे पासपोर्टचे नियम वर सांगितले तेच. टर्मिनलच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. झुरिकचं मुख्य स्टेशन दहा-बारा मिनिटांवर आणि बर्न, लुत्सर्नकडे थेट गाड्या. स्वित्झर्लंड बघायला जाणाऱ्याने दुसरीकडे उतरून रेल्वेने येण्याचा खटाटोप करू नये.

पहिल्यांदा एकट्याने प्रवास करणाऱ्या माणसासाठी माझी पसंती ॲमस्टरडॅमचं स्किपोल. कारण इथे टर्मिनल बदलायचा प्रश्नच नाही. सगळा विमानतळ एका छपराखाली आहे आणि बी ते एम अशा अक्षरांचे फाटे त्याच इमारतीतून निघतात. पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरात गेटचं नाव आणि बऱ्याच ठिकाणी तिथवर चालायला लागणारी मिनिटं लिहिलेली असतात. इंग्रजी जेमतेम येणारी व्यक्तीसुद्धा अक्षर आणि बाण बघत बरोबर पोचते. शेंगेनबाहेर जायचं असेल तर डी, ई, एफ, जी यांपैकी एखादा फाटा, आणि मध्ये इमिग्रेशन नाही. हा विमानतळ आटवलेल्या सरोवराच्या तळाशी, समुद्रसपाटीखाली बांधलेला आहे, आणि त्याची पोल्डरबान ही धावपट्टी इमारतीपासून इतकी दूर आहे की विमान टेकल्यावर गेटला लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. मधल्या वेळेत ती धरा. आणखी एक सावधगिरी: स्किपोलमध्ये घोषणा अगदी कमी होतात. आपल्याकडे ‘बोलावतील तेव्हा उठू’ अशी सवय असते, ती इथे विमान चुकवते. पडद्यावर लक्ष ठेवायचं आणि बोर्डिंग सुरू व्हायच्या आधीच गेटवर जाऊन बसायचं. चार-पाच तास हाताशी असतील तर आतच राइक्सम्युझियमचं छोटं दालन आहे, त्याला तिकीट नाही. रात्र काढायची असेल तर इमिग्रेशनच्या अलीकडेच ‘योटेलएअर’ आहे. तासांवर खोली मिळते.

पॅरिसच्या शार्ल द गॉलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘पॅरिसला विमान बदलायचं’ या एका वाक्यात अगदी वेगवेगळे प्रवास येतात. १९७४ साली पॉल आंद्र्यू यांच्या आराखड्यातून उभं राहिलेलं टर्मिनल १ हे गोल आहे आणि त्याच्या मधल्या पोकळीतून काचेच्या नळ्यांत सरकते जिने तिरपे गेले आहेत. बघायला विलक्षण, पण दिशा हरवायला सोपं. टर्मिनल २ म्हणजे प्रत्यक्षात २ए पासून २जी पर्यंतच्या अनेक इमारती. एअर फ्रान्सची मुंबईची विमानं २ई वापरतात, आणि २ईचे पुन्हा के, एल, एम असे तीन भाग. त्यातल्या एल आणि एमला जायला आपोआप चालणारी छोटी गाडी आहे. पुढचं विमानही २ईचं असेल, म्हणजे अमेरिका-कॅनडाकडचं, तर पॅरिस अगदी सुखाचं आहे. २एफ, म्हणजे शेंगेनमधल्या शहराकडचं असेल, तरी पासपोर्टची रांग धरून अडीच-तीन तासांत नीट होतं. पण तिकिटावर २जी दिसलं तर थांबा आणि विचार करा. २जी बाकीच्या इमारतींपासून तुटून दूर आहे आणि तिथे बसनेच जावं लागतं. टर्मिनल १ आणि २ मध्ये फुकट धावणारी सीडीजीव्हाल गाडी आहे, पण त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागू शकतं, म्हणून टर्मिनल बदलणारं कनेक्शन शक्यतो घेऊच नका. ट्रान्झिटमध्ये राहायची सोय इथेही २ईच्या आत आहे.

हीथ्रोला शेंगेनशी देणंघेणं नाही, त्यामुळे तिथे एकच प्रश्न विचारायचा: दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची आहेत का? ब्रिटिश एअरवेजचा मुख्य तळ टर्मिनल ५, व्हर्जिन अटलांटिक टर्मिनल ३ आणि एअर इंडिया टर्मिनल २. जांभळ्या रंगाच्या ‘फ्लाइट कनेक्शन्स’च्या पाट्या धरून चालत राहायचं, टर्मिनल बदलायचं असेल तर त्याच पाट्या बसपाशी नेतात. सिक्युरिटी सगळ्यांना पुन्हा करावी लागते. टर्मिनल ५ च्या पोटात ए, बी, सी अशा तीन इमारती आहेत आणि बी-सीला भुयारी गाडीने जावं लागतं; गेटचा क्रमांक पडद्यावर उशिरा येतो, तो दिसला की लगेच उठायचं. एकाच टर्मिनलमध्ये दोन तास पुरतात, टर्मिनल बदलत असेल तर तीन हवेत. लंडनमध्येच राहणाऱ्याला मात्र हीथ्रो सोयीचं आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासाच्या आसपास पॅडिंग्टनला आणि तशीच पुढे शहराच्या पोटात नेते. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते पण महाग पडते; पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हळू.

इस्तंबूलचा नवा विमानतळ शहराच्या युरोपीय बाजूला आहे, म्हणून त्याचाही विचार इथे करायला हवा. २०१९ च्या एप्रिलमध्ये सगळी वाहतूक तिकडे हलली. एकच अजस्र इमारत, त्यामुळे बस-गाडीची भानगड नाही, पण पायपीट भरपूर. टर्किश एअरलाइन्स मुंबईहून जाते आणि युरोपातल्या अशा कित्येक लहान शहरांना थेट नेते जिथे फ्रँकफर्टमार्गे दोनदा विमान बदलावं लागेल. शिवाय तुर्कस्तान शेंगेनमध्ये नसल्याने इथे वाटेत पासपोर्टची रांग नाही. ती मुक्कामाच्या शहरी, घाई नसताना लागते. थांबा ६ ते २४ तासांचा असेल तर कंपनी ‘टूरइस्तंबूल’ नावाची फुकट शहरफेरी घडवते. त्यासाठी तुर्की व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन मिळण्याची सोय आहे. तिकीट काढताना विमानतळाचं नाव मात्र नीट बघा: सबिहा ग्योकचेन हा शहराच्या आशियाई बाजूचा दुसरा विमानतळ.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. व्हिएन्ना लहान आणि झटपट. कोपनहेगनला मेट्रो टर्मिनललाच लागते आणि तिथूनच पुलावरून स्वीडनमधल्या माल्मोला रेल्वे जाते. माद्रिदचं टर्मिनल ४ हे बांबूच्या लाटांसारख्या छताचं, देखणं. पण लांबची विमानं ४एस या वेगळ्या इमारतीतून सुटतात आणि तिथे भुयारी गाडीने जावं लागतं. रोमचं फ्युमिचिनो गेल्या काही वर्षांत खूप सुधारलं आहे आणि तिथली लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला नेते.

आता व्हीलचेअरबद्दल, कारण इथे आपली माणसं उगाच संकोच करतात. ‘मला काय झालंय, मी चालू शकतो’ असं म्हणून नाही म्हणतात आणि मग भुयारात दम लागून भिंतीला टेकतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ही मदत प्रवाशाचा हक्क आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवायची. नोंदवताना संकेत बरोबर द्या, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही चढवत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईसाठी मुलगा सवयीने पहिला संकेत निवडतो, आणि विमान दूर उभं राहिलं की तिच्यासमोर शिडी येते. दुसरा संकेत असेल तर विमानाच्या दाराला उचलगाडी लावून खाली घेतात. व्हीलचेअरवाल्यांना बहुधा सगळे उतरल्यावर नेतात, म्हणून मधला वेळ अर्धा-पाऊण तासाने वाढवा. मदतनीस कधी कधी एका ठरावीक कक्षात बसवून जातो आणि पुढच्या फेरीला दुसरा येतो. तिथे घाबरायचं नाही, पण बोर्डिंगला तास राहिला की काउंटरवर पास दाखवून आठवण करायची. बाबांच्या खिशात मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेला एक कागद ठेवा: पुढचं विमान, त्याची वेळ, कुठे जायचं आहे, घ्यायला कोण येणार आहे आणि त्याचा देशाच्या कोडसह फोन नंबर. गेटचा क्रमांक त्यात लिहू नका, तो बदलतो.

सामानात काय न्यावं याचाही विमानतळाशी संबंध आहे, कारण जिथे सामान ताब्यात घेता तिथे कस्टम्स असतं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खवा सगळं गेलं. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं; केळी, नारळ, अननस, खजूर अशी थोडी सुटली आहेत, आंबा सुटलेला नाही. मे महिन्यात लेकीसाठी हापूसची पेटी बांधून नेणाऱ्यांनी हे आधीच ऐकावं. चकल्या, शंकरपाळे, भाजणी, मसाले, पोहे यांना सहसा हरकत येत नाही.

युरोपात फिरताना स्वस्त कंपन्यांची विमानं घेणाऱ्यांनी विमानतळाचं पूर्ण नाव वाचावं. ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. ‘फ्रँकफर्ट हान’ शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर. ‘मिलान बेर्गामो’ पन्नासेक किलोमीटरवर, ‘ब्रुसेल्स शार्लरोआ’ही साधारण तितक्याच अंतरावर. बसचं भाडं, तिथे जायला लागणारा वेळ आणि पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री करावी लागणारी धडपड धरली, तर वीस युरोचं तिकीट वीस युरोचं उरत नाही.

विमान उशिरा पोचलं किंवा रद्द झालं तर काय? युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम प्रवाशाच्या बाजूने उभा राहतो, आणि भारतीय प्रवासी तो फारच कमी वापरतात. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. बाहेरून येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्थान्साला लागू, एअर इंडियाला नाही, फ्रँकफर्ट–मुंबई दोघांनाही. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला, आणि कारण वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाई ६०० युरोपर्यंत जाते. एकाच बुकिंगवर कनेक्शन चुकलं तरी मुक्कामाला किती उशिरा पोचलात तेच मोजतात. भरपाई मिळो न मिळो, खोळंब्यात जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देणं ही कंपनीची जबाबदारी असते. या नियमात बदल करण्याची चर्चा तिकडे चालू आहे, तेव्हा अर्ज करताना चालू मजकूर वाचा. बोर्डिंग पास टाकू नका, खर्चाच्या पावत्या जपा आणि काउंटरवर उशिराचं कारण लेखी मागा. ब्रिटनने याच धर्तीचा आपला वेगळा कायदा ठेवला आहे.

परतीच्या दिवशी एक काम राहतं. खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर कस्टम्सचा शिक्का युरोपीय संघ सोडण्याआधी लागतो. फ्रान्समध्ये एका दुकानातली खरेदी १०० युरोच्या वर असावी लागते, जर्मनीत ५० युरोच्या वर. वस्तू मोठ्या बॅगेत असेल, तर बॅग पट्ट्यावर सोडण्याआधी कस्टम्सला दाखवायची. हातातल्या बॅगेत असेल तर ज्या विमानतळावरून शेवटी युरोप सोडणार तिथे. रोमहून म्युनिकमार्गे मुंबईला येणाऱ्याने मोठ्या बॅगेतल्या साडीसाठी रोमलाच रांग धरायची आणि हातातल्या घड्याळासाठी म्युनिकला. ब्रिटनने पर्यटकांसाठीची ही सवलत २०२१ च्या सुरुवातीपासून बंद केली आहे, त्यामुळे हीथ्रोवर ती खिडकी शोधत वेळ घालवू नका. पॅरिसला २ईमध्ये पाब्लो नावाची यंत्रं आहेत. अर्जावरचा बारकोड त्यांच्यासमोर धरला की शिक्क्याचं काम तिथेच होतं. पडद्यावर हिरवी खूण दिसल्यावरच पुढे सरका, आणि या सगळ्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी निघा.